दातेरी पट्टी

"हा सूर्य हाय का अंडं?"

शिवकन्येनं प्लायवूडचा तुकडा दारातल्या उजेडात धरला. भागवतनं तो नवऱ्याच्या हक्कानं हिसकावून घेतला आणि फिरवून पाहिला. कसाही धरला तरी ते अंडंच दिसत होतं.

बोरीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघांनी मिळून ही मशीन उभी केली होती. आठ फुटी लोखंडी टेबल, त्यावर मागंपुढं पळणारा आडवा पूल, पुलावर लाकूड कोरणारा कटर आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक जुना कॉम्प्युटर. दोघंही आयटीआय शिकलेली, त्यामुळं कुणी कुणाचं ऐकून घेत नव्हतं. पूल ओढायचा कशानं, इथंच सगळं अडलं होतं. लांब स्क्रू दोघांनीही बाद केला होता; एवढ्या लांबीचा स्क्रू जोरात फिरला की मधोमध थरथरतो. मग भागवतला हवा होता रबरी बेल्ट आणि शिवकन्येला दातेरी पट्टी, तिच्यावरून धावणाऱ्या छोट्या दातेरी चाकासकट.

भागवतनं बेल्ट लावूनही टाकला होता. उद्या गावच्या वाचनालयाचं दार कोरायचं होतं. त्यावर मोठा सूर्य हवा होता. गावातल्या ग्यानबांनी त्यासाठी आपल्या बांधावरचा जुना साग दिला होता. फळी एकच निघाली होती. बिघडली तर दुसरी नव्हती.

"प्रोग्राममधी चूक असंल," भागवत म्हणाला.

"बेल्ट ताणायलाय. मोटार थांबली तरी पूल जरा पुढं जायलाय."

"अन् दात लावले की खडखड किती होईल? आख्खी गल्ली गोळा व्हईल."

"होऊ द्या. वाजलेलं चालतंय, घसरलेलं चालत न्हाई."

तिनं परभणीहून आणलेल्या पट्ट्या भिंतीशी कापडात गुंडाळून उभ्या होत्या. भागवतनं त्यांच्याकडं पाहिलं, मग सागाच्या फळीवरून हात फिरवला. फळी गुळगुळीत होती, कुठं गाठ नव्हती. त्यानं बेल्ट सोडला आणि कापडाची गाठ ओढली.

"पाना दे."

दुपारभर दोघं टेबलाच्या दोन्ही अंगांना वाकून होती. चाकाचे दात पट्टीत फार रुतले तर पूल जाम होणार, सैल राहिले तर डगमगणार. शिवकन्येनं दोन्हींच्या मध्ये वर्तमानपत्राचा तुकडा धरला, भागवतनं चाकाची मोटार पट्टीकडं दाबून बोल्ट आवळले, मग चाक फिरवून तिनं तो तुकडा ओढून काढला. कागदापुरती फट उरली. पूल सरकला. खर्रर्र आवाज आला, आणि तो आवाज ऐकून शिवकन्येला हसू फुटलं.

प्लायवूडवर नवा सूर्य कोरून झाला. भागवतनं त्यावर स्टीलची ताटली पालथी घातली. काठाला काठ बसला.

तरी त्याचं समाधान होईना. "प्लायवूड मऊ असतंय. सागात जोर लागला अन् दात उडाले म्हंजी?"

"मग टाका पुलावर वजन. बघू उडतात का."

तो शेडमध्ये सिमेंटची गोणी शोधू लागला. दाराशी हरभरा निवडत बसलेली त्याची आई, बायनाबाई, सूप बाजूला ठेवून उठली.

"गोणी कशाला? मला बसवा की."

"माय, ते काय बैलगाडी हाय का?"

"तुला वजन पायजे का न्हाई?"

भागवतनं कटर काढून ठेवला, पुलावर घोंगडी घातली. शिवकन्येनं सासूला हात देऊन वर चढवलं, पदर कमरेला घट्ट खोचून दिला आणि कॉम्प्युटरची कळ दाबली. पूल हलला. बायनाबाई दोन्ही हातांनी घोंगडी धरून, पाठ ताठ ठेवून सावकाश निघाली. भागवत वाकून दातांकडं बघत बरोबर चालला. एकही दात सुटला नाही. थांबायचं तिथं पूल थांबला, कागदभरसुद्धा पुढं गेला नाही.

तोवर आवाजानं शेजारची कमलबाई पिठाचे हात घेऊन दारात आली होती, तिच्यामागं आणखी चारदोन बाया.

"भागवता, लय भारी मशीन केलीस रं!"

भागवतनं बायकोकडं पाहिलं. ती मुद्दाम कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घालून बसली होती.

"माझं कुठं, काकू," तो म्हणाला. "दात समदे शिवकन्येचे हायत."

बायनाबाईच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. सगळ्यांत मोठ्यांदा तीच हसली.

"आता उतरा, आत्याबाई," कमलबाई हात पुसत पुढं आली. "मला बी बसू द्या."

बायनाबाईनं घोंगडी आणखी घट्ट धरली.

"शिवकन्ये, मागं घे."