डोळ्यांतली हळद

जिज्ञासाने मोरीत दादाचं तोंड तिसऱ्यांदा साबणाने धुतलं. गालांची हळद गेली. डोळ्यांची गेली नाही. बुबुळांभोवतीचं सगळं पांढरं पिवळंधमक झालं होतं.

बाहेर मांडवात डीजे दणाणत होता. अख्खी चामटोली प्रीतमच्या हळदीला नाचायला आली होती.

"हळद डोळ्यांत जात नाही, दादा. कधीपासून आहे हे?"

प्रीतम दंड खाजवत होता. खाजवून खाजवून रक्त आलेलं. "चार दिवस. लघवीपण चहासारखी होते. आईला बोललो, ती म्हणाली उष्णता."

दादाच्या डोक्यातले आवाज थांबवायच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा उल्हासनगरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी या, लिव्हरशी खेळ नको. दहावीतली हुशार म्हणून तिनेच ते वहीत लिहून घेतलं होतं.

ती धावत घरात गेली. तांदळाच्या डब्यामागे गोळ्यांची पाकिटं होती. महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांतच संपत आल्या होत्या.

"मीच देतंय दोन-दोन," दारातून आई कुजबुजली. "मांडवात कायबाय बरळला तं? पोरीकडच्यांना म्हाईत नाय. उद्या लगीन लागू दे, परवा नेऊ."

"परवापर्यंत राहील का तो?"

सगुणाबाईने लेकीच्या तोंडावर हात दाबला.

जिज्ञासाने तो बाजूला सारला, मांडवात गेली आणि सरळ डीजेची वायर ओढली. नाचणारे पाय अडखळले.

"ए पोरी, डोकं फिरलं का तुझं?" बाळाकाका खेकसला.

"रिक्षा आणा. दादाला दवाखान्यात न्यायचंय." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"ऊन लागलंय त्याला," मागून आई घाईघाईने म्हणाली.

प्रीतम ओल्या तोंडाने बाहेर आला होता. इतका वेळ दणदणाटात होता, म्हणून की काय, तो मोठ्यानेच बोलला.

"जिजे, दवाखान्यात गोळ्या बंद केल्या की ती माणसं परत माझ्या डोक्यात बोलायला लागतील ना?"

नवरीच्या घरी पाठवायची उष्टी हळद वाटीत काढताना वेणूआत्याचा हात तसाच अधांतरी राहिला.