घाबऱ्या खाटेखाली

चौथीचा अख्खा वर्ग लेखिकेला भेटायला घरी आला, तेव्हा विरेश स्वयंपाकघराच्या दाराआड हाकेची वाट बघत उभा होता. वय पंचेचाळीस, सात रस्ता चौकात रंगाचं दुकान, पोट सुटलेलं. पण महादेवाच्या देवळात आधी नंदी बघायचा आणि मग पिंड, तसा या घरात आधी तो बघायचा आणि मग त्याची अव्वा.

अव्वा म्हणजे त्याची आई, हेमावती. तिची घाबऱ्याची सतरा पुस्तकं. गिरणीचा भोंगा झाला की खाटेखाली शिरणारा सात वर्षांचा घाबऱ्या, म्हणजे विरेशच. पुढं गिरणी बंद पडली, भोंगा भंगारात गेला, घाबऱ्याला मात्र मरण नाही. अजूनही दुकानात गिऱ्हाईक आधी गालात हसतं, मग डिस्टेंपर मागतं.

"विरू, ये की जरा," अव्वानं हाक मारली.

तो बाहेर आला. पोरं खिदळली. एकानं विचारलं, "काका, तुमी अजून भिता का?" दुसरा म्हणाला, "खाटेखाली जाऊन दाखवा की."

विरेशनं नेहमीसारखे हात जोडले. अडतीस वर्षांत त्यानं हे कधी करून दाखवलं नव्हतं. तेवढी एक अब्रू त्यानं राखून ठेवली होती.

सतरंजीवर पोरं मांडीला मांडी लावून बसली होती. कडेला राजेश्वरी, त्याची पोरगी. तिचाच वर्ग, तिचंच घर. तरी तिच्या दोन्ही बाजूंना हात-हातभर सतरंजी मोकळी.

"आजी, तुम्हाला गोष्टी कुठून सुचतात?" पुढच्या मुलीनं बाईंनी पाठ करून घेतलेला प्रश्न विचारला.

"घरातच असतात की गं. भाजीला तरी बाजारात जावं लागतं, गोष्टीला तेही नाही," अव्वा म्हणाली आणि उशाखालची वही काढली. "आता एक कोरी करकरीत ऐकवते. अजून कुणी ऐकली नाही."

विरेशनं ऐकली होती. सकाळी चहाच्या वेळी. मधल्या सुट्टीत शेजारी कुणी बसू देत नाही, म्हणून एक मुलगी शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं उभी राहून डबा खाते, त्याची गोष्ट. राजेश्वरीनं हे बापाला सांगितलं नव्हतं. अज्जीला सांगितलं होतं, तिच्या कुशीत तोंड खुपसून.

"अव्वा, ही वर्गासमोर वाचू नको," तो म्हणाला होता.

"नाव बदललंय की. चिमी ठेवलंय."

"माझंही बदललं होतंस."

"मग? काय वाईट झालं तुझं? अरे, गोष्टीनं मन पाघळतं पोरांचं. उद्या हीच पोरं तिच्या शेजारी बसतील बघ."

आता तिनं चष्मा चढवला, जिभेनं बोट ओलं केलं आणि पान उलटलं. "गोष्टीचं नाव, टाकीमागची चिमी."

राजेश्वरीनं मान वर केली. अज्जीकडे नाही बघितलं तिनं. बापाकडे बघितलं.

"चिमीचा डबा रोज—"

"भोंऽऽऽऽ!"

क्षणभर कुणाला कळेना, आवाज कुठून आला. मग दिसलं, घाबऱ्या दोन्ही हात तोंडाशी धरून गिरणीसारखा केकाटतोय. तसाच तो गुडघ्यांवर आला आणि अव्वा बसली होती त्या खाटेखाली डोकं घालून आत सरपटला. पोट अडलं. त्यानं श्वास आत ओढला आणि पोटासकट आत गेला.

मग काय विचारता! पोरं सतरंजीवर लोळली. कुणी त्याचा पाय ओढला, कुणी चप्पल पळवली. "घाबऱ्या, घाबऱ्या" असा गजर झाला. बाई मोबाईल घेऊन वाकल्या आणि म्हणाल्या, "सर, परत एकदा करता का? नीट नाही आलं."

त्यानं परत केलं. तिसऱ्यांदाही केलं. तेवढ्यात खाली शाळेची गाडी हॉर्न देऊ लागली. पोरांच्या हातात एकेक शेंगापोळी पडली आणि जिना दणाणत वर्ग निघून गेला. राजेश्वरी राहिली. तिला कुणी चल म्हटलं नाही.

विरेश खाटेखालीच होता. गालाशी सुतळीनं बांधलेले गठ्ठे, वरच्या पुस्तकावर घाबऱ्याचं चित्र. समोर अव्वाचे पाय.

"विरू, बाहेर येऊ नको. जरा तसाच थांब."

तो थांबला.

"पोरीसाठी शिरलास ना रे आत?" अव्वाचा आवाज हळवा झाला होता. खरोखरच हळवा. "मला शेवट सापडत नव्हता चिमीचा. आता बाप येतो बघ त्यात." पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज झाला. "पोट अडतं, ते पण घेते."

मग दोन छोटे गुडघे फरशीवर टेकले. राजेश्वरी सरपटत आत आली आणि गठ्ठ्यांना पाठ लावून बापाशेजारी आडवी झाली. फ्रॉकच्या खिशातून तिनं शेंगापोळी काढली, मोडली, अर्धी त्याच्या हातात ठेवली.

विरेशनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं पटकन त्यावर हात ठेवला.

"आवाज न करता खा, अप्पा," ती त्याच्या कानात म्हणाली. "अज्जी लिहितीय."