सक्तीची विश्रांती

विद्यापीठाच्या स्वास्थ्य सप्ताहातला हास्यवर्ग संपला, तरी शलाकाच्या मनगटावरचा मनःस्थिती दाखवणारा पट्टा लालच होता.

"अगं, खोटं तरी हस," मैत्रीण कुजबुजली. "लाल राहिलीस तर सक्तीची विश्रांती. थेट घरी!"

पट्टा आणखी लाल झाला.

समुपदेशक कामत मॅडम जवळ आल्या. "परीक्षेचं टेन्शन आलंय का?"

पट्ट्याचा रंग जरा उतरला.

"मग घरी जाऊन ये चार दिवस. पट्ट्याच्या यंत्रणेनं वडिलांना कळवलंय, ते गेटपाशी आलेत."

पट्टा रक्तासारखा लाल झाला. "मॅडम, त्यांनी लग्न ठरवलंय माझं," शलाका कशीबशी म्हणाली. "मी गेले तर परत येणार नाही."

मॅडमनी पट्ट्याकडे पाहिलं आणि गेटवर फोन लावला. "शिंदेकाका, मी येईपर्यंत कुणालाही आत सोडू नका."