वेगळं पातेलं

"आमच्या भाचीला वेगळ्या पातेल्यातली खिचडी आणा," भागवतनं गल्ल्यावरून आत आवाज दिला आणि सत्यशीलाचा ऊर भरून आला.

माजलगावच्या स्टँडसमोरचं त्याचं हॉटेल बाजाराच्या दिवशी भर दुपारी गच्च भरलेलं असे. शेजारच्या टेबलावर एक बाई आपल्या लेकराला लालभडक रश्श्यात बुडवलेला पाव भरवत होती, वर रंगीत थंडा पाजत होती. सत्यशीलाला तिची कीव आली आणि स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. अंगणवाडीच्या बाईंनी तिच्या लेकीचं, अंजूचं वजन करून बजावलं होतं, पोरगी फार हलकी आहे. बाहेर खायची वेळ आलीच तर तळलेलं नको, तिखट नको, रंगाचं तर नकोच. ताजी मुगाची खिचडी मागा, दही मागा, एखादं केळं द्या. सत्यशीला नेमकं तेच मागायची.

आधी ती घरूनच दूध-भाकरी आणायची. नवरा मेंढरांमागं रानोमाळ, पोरगी आजीपाशी थांबत नसे, म्हणून बाजाराला पोरीला कडेवर घेऊनच यावं लागे. एकदा भागवतनं तिला भाकरीचं फडकं सोडताना पाहिलं आणि तो चिडलाच.

"भावाचं हाटेल असताना भाकर बांधून आणतीस, ताई? लोकं तोंडात शेण घालतेल माझ्या. भाचीला मी ताजं शिजवून घालीन की."

तिला सख्खा भाऊ नव्हता. चुलत असून यानं एक भाऊबीज चुकवली नव्हती. भावाच्या दारात आपली भाकरी सोडायची म्हणजे त्याचा पाणउताराच. त्या दिवसापासून ती मोकळ्या हातानं येऊ लागली.

तरी अंजू अंग धरत नव्हती. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी हटकून तिला जुलाब लागायचे, दोन दिवस मान टाकून पडायची. घरात दुसरं कोण? सत्यशीलानं सारं खापर सासूवर फोडलं. "तुमचे हातच चांगले न्हाईत," असं सुंदरबाईला तोंडावर म्हणाली आणि नातीला घास भरवायची तिला बंदी केली. महिनाभर म्हातारी जेवणाच्या वेळी उठून बाहेर जाऊन बसत होती.

खिचडी आली, वाफाळलेली. तेवढ्यात भागवतची बायको संगीता लेकीला घेऊन आली. हातात घरचा डबा होता. तिनं गुड्डीला अंजूशेजारी बसवलं आणि डबा उघडायला घेतला. एका लेकराला बघत ठेवून दुसऱ्याला भरवणं सत्यशीलाच्या रक्तात नव्हतं. तिनं खिचडी दह्यात मऊ कालवली आणि पहिला घास गुड्डीपुढं धरला.

भागवत गल्ल्यावरून कधी उठला ते कळलंच नाही. त्यानं तिचं मनगट धरलं. घास ताटात पडला.

"तिला नको देऊ, ताई."

"कावून? ताजी खिचडी हाय ना?"

संगीता खाली मान घालून म्हणाली, "कालचा उरलेला भात असतो, ताई. डाळ घालून ऊन करतेत. सगळ्यांना तेच हाय."

सत्यशीलानं अंजूच्या हातातला चमचा काढून घेतला. परक्यानं फसवलं असतं तर तिनं चार शिव्या घालून मोकळं केलं असतं. पण हा भाऊ होता, आणि याच्या शब्दावर तिनं घरातल्या म्हातारीला चोर ठरवलं होतं.

"अंजूला चालतंय व्हय रे?" तिनं विचारलं.

"तसं न्हाई, ताई." भागवतनं गुड्डीला उचलून छातीशी धरलं. "पर गुड्डी लई लहान हाय अजून."

सत्यशीला त्या पोरीकडं बघत राहिली. बारशाला आत्या म्हणून तिच्या कानात नाव सत्यशीलानंच सांगितलं होतं. तेव्हा अंजू पोटात होती.