तारणाची हद्द

"आणि त्यांनी येशूचं नावच ऐकलं नसेल तर?" बाईंनी विचारलं.

फादरांनी अंगावरचा झगा उतरवून खुंटीला अडकवला. मिस्सा संपून माणसं पांगली की हे आता ठरलेलंच होतं. बाई दारात येऊन उभ्या राहायच्या आणि उलटतपासणी सुरू व्हायची.

त्या टेकडीवरच्या वेधशाळेच्या प्रमुख. एका दूरच्या ग्रहावर जीवसृष्टीच्या खुणा त्यांच्या दुर्बिणीला सापडल्या होत्या. तेव्हापासून पेपरवाले बाईंच्या मागे लागले होते आणि बाई फादरांच्या. त्याआधी कित्येक वर्षं त्या चर्चची पायरी चढल्या नव्हत्या, असं लोक सांगत. फादर इथे नवीनच होते.

"मागच्या रविवारीच सांगितलं," फादर म्हणाले. "ख्रिस्ताचं बलिदान अवघ्या सृष्टीसाठी आहे."

"बाप्तिस्मा झाला नसला तरी?"

"कदाचित आदामापासून माणसाला चिकटलेलं आदिपाप त्यांच्यात नसेलच. मग तारणाचा प्रश्नच येत नाही."

"त्यांनी काही पाप केलं नसणार, हे मलाही पटतं. पण नियम काय सांगतो?"

नियम. आठवडाभर फादरांनी जाडजूड ग्रंथ पालथे घातले होते. एक पंडित म्हणे, देव तिथेही देह धारण करील. दुसरा म्हणे, छे, एकदा झालं ते पुरे. वाचून डोक्याचा भुगा झाला आणि हाती काहीच लागलं नाही. आजचं प्रवचनही धड झालं नव्हतं.

"बाई तुम्हाला खेळवतायत," स्वयंपाकाच्या मावशींनी सकाळीच बजावलं होतं. "तुमच्या तोंडून काहीतरी वेडंवाकडं वदवून घेतील आणि पेपरात छापून आणतील."

"फादर, मला पुस्तकातलं उत्तर नकोय," बाई म्हणाल्या. "ते मी पूर्वीच ऐकलंय."

फादरांचा धीर सुटला.

"मग माझं ऐका. ज्यानं त्यांना घडवलं, तो त्यांना ओळखत नसेल? कुणी त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं नाही, म्हणून तो स्वतःच्या लेकरांना दाराबाहेर ठेवील? तसा देव असेल, तर हा झगा मी पुन्हा अंगावर घालणार नाही. छापा, कुठे छापायचं ते."

बाई हळूच म्हणाल्या, "हेच बाहेर येऊन बोलाल?"

कॅमेरेवाले आलेले दिसतात, फादरांना वाटलं. असू देत. आता माघार नाही. ते तरातरा त्यांच्यामागून निघाले.

बाई पुढच्या फाटकाकडे वळल्याच नाहीत. चर्चमागच्या दफनभूमीतून, क्रुसांच्या रांगांमधून त्या चालत गेल्या. मागच्या लहान दारातून बाहेर पडल्या आणि भिंतीच्या कडेला, गुडघाभर गवतात थांबल्या. तिथे चिटपाखरू नव्हतं.

"आता बोला," त्या म्हणाल्या. "अगदी तसंच."

"इथे?" फादर वैतागले. "इथे कोण आहे ऐकायला?"

बाईंनी खाली वाकून गवत बाजूला केलं.

"माझी मुलगी. बाप्तिस्मा व्हायच्या आतच गेली. तेव्हाच्या फादरांनी तिला भिंतीच्या आत घेतलं नाही."