दहापैकी दहा

एक.

स्टूल कुरकुरलं. डोळे मिटून बसलेला शांताराम म्हणाला, "हो."

तारापूरच्या एका कारखान्याचा दवाखाना. नर्स समिधा त्याच्या तळपायाला नायलॉनचा बारीक दोरा टेकवत होती. दहा जागी टेकवायचा, कळलं की त्याने हो म्हणायचं. दहाही कळले तर कामगारांच्या बसचं स्टिअरिंग त्याचंच. नाहीतर उद्यापासून गेटवर उभं राहून साहेबांच्या गाड्यांना सलाम.

दोन. कुर्र. "हो."

युक्ती कमलेशची. कमलेश मशीनवरचा माणूस, रोज शांतारामच्याच बसने बोईसर स्टेशनला जाणारा. त्याची तपासणी काल झाली होती. बाई वाकली की तिच्याखालचं स्टूल बोलतं, त्याने सांगितलं, स्टूल बोललं की तू बोल.

तीन, चार, पाच. मधल्या वेळात शांतारामचं भाषण चालू. रक्तात साखर निघून जेमतेम आठ दिवस झालेत, आठ दिवसांत कुणाच्या पायाच्या नसा जातात? एवढ्यात गोळ्यांचं पाकीटसुद्धा संपत नाही.

"साखर आठ दिवसांपूर्वी कळली, काका," समिधा म्हणाली. "आली कधी, ते कोणाला माहीत?"

स्टूल कुरकुरलं.

"हो," शांताराम म्हणाला.

दहा. समिधाने एकदा पायाकडे पाहिलं, एकदा त्याच्या तोंडाकडे. आणि सही केली.

बाहेर बाकावर बायडी बसली होती. मासवणची, कँटीनमध्ये झाडू मारणारी. तिची साखरही आठ दिवसांपूर्वीच्या रक्ततपासणीतच निघालेली. तिने मात्र खरं सांगितलं होतं, चार जागी काही कळत नाय. हातात पालघरच्या मोठ्या डॉक्टरची चिठ्ठी.

शांतारामने झिजलेल्या रबरी चपलेत पाय सरकवले. "पाय हायत का लाकडं, गो बायडी? होळीला दिली असतीस, कामाला आली असती."

बाकावरचे सगळे हसले. कमलेश सगळ्यात जास्त.

तीनची पाळी सुटली. एप्रिलचं ऊन. आवारातलं काँक्रीट इतकं तापलेलं की कुत्रीसुद्धा पळत ओलांडत होती. शांताराम सावकाश गेला. ऐटीत, सगळ्यांना दिसेल असा. मागून कोणीतरी हाका मारत होतं. त्याने वळूनही पाहिलं नाही.

बस भरली. चाळीस माणसं, कमलेश पहिल्या सीटवर. शांतारामने इंजिन चालू केलं आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवला.

दारावर थाप पडली. धापा टाकत बायडी उभी. तिच्या हातात एक रबरी चप्पल.

"दादा, ही तुझी ना? दवाखान्याच्या पायरीवरच सुटली. तवापासून हाका मारतेय."

शांतारामने खाली पाहिलं. मग सगळ्या बसने पाहिलं. ब्रेकवर नुसता पाय होता; उचलला तर तळव्याला भला मोठा फोड.

सगळ्यात आधी कमलेश उतरला.