औषधासारखं

रक्तदाबाच्या मशीनचा पट्टा आईच्या दंडावर पुन्हा फुगला. आकडा मघापेक्षाही वर गेला, तसं शाल्मलीने घाईने विचारलं, "आई, गोळी घेतेस ना रोज?"

"आता गोळी कशाला?" आईने उशाशी ठेवलेलं पाकीट पुढे केलं. शाल्मलीनेच पाठवलेल्या गोजी बेरी. लाल, सुकलेल्या, मनुकांसारख्या. "तूच फोनवर म्हणालीस ना, रोज औषधासारखं घे म्हणून? महिनाभर घेतेय की. दोन-दोन औषधं एकदम बाधायची, म्हणून गोळी बंद केली."

न चुकता घे, एवढंच शाल्मलीला म्हणायचं होतं. डॉक्टरांना फोन लावून तिने पाकीट उलटंसुलटं केलं. पुढे ठळक अक्षरांत 'रक्तदाबावर गुणकारी', मागे मुंगीएवढ्या अक्षरांत 'हे औषध नाही'. पाठवताना तिने पुढचंच वाचलं होतं.

फोनची नुसती रिंग वाजत राहिली. डॉक्टर उचलत नव्हते.

लेकीचा पांढराफटक चेहरा आईला बघवेना. तिने शाल्मलीच्या हातातून पाकीट हळूच काढून घेतलं. "एवढं काय घाबरायचं ते! थांब, आज दोन मुठी खाते."